अल्फा-सिन्युक्लिन: प्रत्येक बॅचला लॅग टाइम वेगळा. घोळ प्रोटीनमध्ये की प्लेटमध्ये?

पेलेट (धागाकर्ती)

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष, विषय आयडीपी, म्हणजे ज्यांना स्वतःची पक्की घडी नाही अशी प्रथिनं. त्यातलं माझ्याकडे मानवी अल्फा-सिन्युक्लिन आहे, पार्किन्सनमध्ये मेंदूत ज्याच्या गाठी होतात ते. टॅग नाही, पीटी७-७ प्लाझ्मिड, बीएल२१ डीई३ (ई. कोलाय जिवाणूच्या) पेशी. पद्धत नेहमीचीच: लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्राव) ९५° से. वर, मग स्ट्रेप्टोमायसिन, अमोनियम सल्फेट, क्यू कॉलम, पाण्यात डायलिसिस आणि शेवटी लायोफिलाइझ करून (गोठवून वाळवून) पावडर फ्रीजरमध्ये. लागेल तेव्हा पावडर पीबीएसमध्ये विरघळवायची, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढायची आणि ७० मायक्रोमोलरला थायोफ्लेविन टीची (टीएचटी: प्रोटीनचे धागे, म्हणजे फायब्रिल, झाले की चमकणारा रंग) प्लेट लावायची.

अडचण अशी, की एका बॅचचा लॅग (चमक वाढायला लागेपर्यंतचा वेळ) ८ तास तर दुसरीचा ३० च्या पुढे, आणि एकाच प्लेटवरच्या शेजारशेजारच्या वेलमध्येही मेळ नाही.

शिवाय या शंका. जेलवर बँड १८ किलोडाल्टनला दिसतो, खरं वजन १४.५. साइझ एक्सक्लूजन कॉलमवर तेच प्रोटीन ५५-६० च्या जागी उतरतं. हा टेट्रामर (चार रेणूंचा जोड) समजायचा का? ब्रॅडफर्डचा आकडा आणि २८० नॅनोमीटरचा आकडा जुळत नाहीत. डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) न घातलेल्या जेलवर ३०-३५ च्या आसपास एक पुसट बँड आहे.

एनएमआरचा स्लॉट मिळाला आहे, तर नमुना कसा न्यावा तेही सांगा. आणि जाणत्यांनी हेही सांगावं, की पुढे याच विषयात राहायचं तर आत्तापासून नेमकं काय शिकून ठेवावं.

---

धुंडिराज

ज्यात घाबरण्यासारखं काही नाही, ते आधी बाजूला काढू.

१८ ला बँड येणं बरोबर आहे. ९६ ते १४० हा शेपटाकडचा भाग आम्लधर्मी अमिनो आम्लांनी भरलेला असतो. त्यावर एसडीएस (जेलमधलं साबणासारखं रसायन) नीट बसत नाही, म्हणून प्रोटीन जेलमध्ये रेंगाळतं. वजनाचा निकाल जेलवर लावूच नये. मास स्पेक्ट्रोमेट्रीत १४,४६० डाल्टन दिसलं की झालं.

कॉलमवर ५५-६० येणंही बरोबर. कॉलम वजन मोजत नाही, पसारा मोजतो. घडी घातलेली साडी आणि वाऱ्यावर सोडलेली साडी, वजन तेच. साडेचौदा किलोडाल्टनच्या गोलसर प्रोटीनची स्टोक्स त्रिज्या १९ आंगस्ट्रॉमच्या आसपास असते, सिन्युक्लिनची ३० च्या घरात. तुमचा कॉलम गोलसर प्रोटीनांवर कॅलिब्रेट केलेला, म्हणून तो ५७ सांगतो. १९९६ मध्ये पीटर लॅन्सबरी यांच्या गटाने नेमकं हेच दाखवलं होतं: जेल फिल्ट्रेशनमध्ये मोठं, सेडिमेंटेशनमध्ये मात्र संथ, आणि सीडीमध्ये (प्रकाशाच्या शोषणावरून घडी ओळखणारं तंत्र) घडीचा पत्ता नाही. टेट्रामर आहे की नाही हे खरंच बघायचं असेल तर कॉलमच्या पुढे मल्टी-अँगल लाइट स्कॅटरिंग जोडून घ्या. त्यात आकार आडवा येत नाही, थेट वजन मिळतं.

ब्रॅडफर्ड तर या प्रोटीनला वापरूच नका. कूमासी रंग मुख्यतः आर्जिनिनला धरतो, थोडा सुगंधी वलयवाल्यांना. सिन्युक्लिनमध्ये आर्जिनिन एकही नाही, ट्रिप्टोफॅनही नाही. बीएसएच्या स्टँडर्डशी तुलना केली तर आकडा चुकणारच. २८० वर मोजा: टायरोसिन ४, म्हणून मोलर शोषणांक ५,९६०. म्हणजे १ मिग्रॅ/मिली द्रावणाला १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये फक्त ०.४१. आकडा इतका लहान, की जराशी डीएनए किंवा थोडा गढूळपणासुद्धा त्याला फुगवतो. म्हणून एकच आकडा न घेता २२० ते ३५० पर्यंत पूर्ण स्कॅन घ्या. ३२० च्या पुढे रेघ शून्यावर सपाट हवी आणि २६०/२८० चं गुणोत्तर ०.६ च्या आसपास. ते ०.९-१ कडे सरकलं तर स्ट्रेप्टोमायसिनची पायरी नीट झालेली नाही. पडताळणीला २०५ नॅनोमीटर चांगलं: तिथे पेप्टाइड बंधच शोषतात, १ मिग्रॅ/मिली ला साधारण ३१. मात्र बफरमध्ये डीटीटी, अझाइड, इमिडाझोल काही नको, तेही तिथेच शोषतात.

आता ज्याची खरी काळजी करायची ते.

तो ३०-३५ चा पुसट बँड. सिन्युक्लिनमध्ये सिस्टिन नाहीच, मग डीटीटीने जाणारा डायमर (दोन रेणूंचा जोड) आला कुठून? तुमच्या प्लाझ्मिडमध्ये १३६ क्रमांकाच्या टायरोसिनचा कोडॉन बघा. तो टीएसी असेल तर ई. कोलाय त्या एका जागी चुकून सिस्टिन बसवतो. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आहे आणि प्रमाण शेकडा २० च्या घरात जाऊ शकतं. त्या सिस्टिनांचे डायसल्फाइड डायमर होतात आणि ॲग्रिगेशनचा (रेणू एकत्र गोळा होण्याचा) वेग बदलतो. हवेत किती वेळ राहिलं त्यावर डायमर किती ते ठरतं, म्हणजे बॅचगणिक फरक पडायला हे एकटंच पुरे. मास स्पेक्ट्रममध्ये १४,४६० च्या शेजारी १४,४०० ला छोटं शिखर दिसतं का पाहा. उपाय सोपा: साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिसने टीएसीचं टीएटी करा. अमिनो आम्ल तेच राहतं, चूक थांबते. प्लाझ्मिड मागवतानाच दुरुस्त आवृत्ती मागितलेली बरी.

दुसरं, पावडर. लायोफिलाइझ केलेलं सिन्युक्लिन विरघळवलं की त्यात ऑलिगोमर (काही रेणूंचे छोटे पुंजके) असतातच. ०.२२ मायक्रॉन म्हणजे २२० नॅनोमीटरचं छिद्र, ऑलिगोमर काही दशक नॅनोमीटरचे. ते आरामात पार होतात आणि प्लेटमध्ये बी म्हणून काम करतात. आहे ती पावडर वाया घालवू नका: २० मिलिमोलर फॉस्फेटमध्ये ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड, त्यात विरघळवून खोलीच्या तापमानाला तासभर ठेवा. मग सुपरडेक्स ७५, १०/३०० कॉलम ॲसेच्याच बफरमध्ये चालवा. एका वेळी अर्धा मिलीच्या वर टाकू नका. ८ मिलीच्या आसपास व्हॉइडमध्ये (सगळ्यात मोठे कण आधी उतरतात तिथे) जे येतं ते फेका, मुख्य शिखराचा पुढचा खांदा सोडा, मधलेच फ्रॅक्शन घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्लेट लावा. पुढच्या बॅचपासून लायोफिलाइझ करणंच बंद करा.

तिसरं, तुटलेलं प्रोटीन. घडी नसल्यामुळे प्रोटिएजला (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमला) कुठेही दात रोवता येतो आणि शेपूट आधी जातं. ते आम्लधर्मी शेपूट एकमेकांना दूर ठेवण्याचं काम करत असतं. ते गेलं की उरलेला तुकडा कितीतरी लवकर फायब्रिल करतो. म्हणजे शेकडा दोन-तीन तुकडेसुद्धा लॅग खाली ओढतात. प्रोटिएज रोखायला पीएमएसएफ १ मिलिमोलर, पण आयत्या वेळी घाला. पीएच ८ च्या पाण्यात त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपासच आहे. सकाळी बनवलेल्या बफरमध्ये दुपारी काहीच उरत नाही. सोबत ईडीटीए १ मिलिमोलर. तुमच्याकडे निकेल कॉलम नसल्याने ईडीटीए चालतं.

उकळण्याच्या पायरीत एक: शंभर मिली लायसेट एकाच बाटलीत उकळायला ठेवलं तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, आणि त्या कोमट काळात प्रोटिएज मेजवानी झोडतात. २०-२५ मिलीच्या पातळ नळ्या, आधीच उकळत असलेलं पाणी, १५ मिनिटं, मग लगेच बर्फ आणि २०,००० जी वर अर्धा तास. स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट १० मिग्रॅ/मिली, थंडीत १५ मिनिटं ढवळून पुन्हा फिरवा. मग अमोनियम सल्फेट ३६० मिग्रॅ/मिली, चिमटी-चिमटीने.

क्यू कॉलमवर प्रोटीन बसतच नाही, फ्लो-थ्रूमध्ये निघून जातं, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. दहापैकी नऊदा कारण अमोनियम सल्फेट पूर्ण गेलेलं नसतं. डायलिसिस किती तास केलं ते मोजू नका, कंडक्टिव्हिटी मोजा: ५ मिलिसीमेन्स/सेंमीच्या खाली आल्याशिवाय कॉलमवर चढवू नका. पीएच ८ ला ते साधारण ३०० मिलिमोलर मिठाजवळ उतरतं.

---

मीठकमी

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत. उकळण्याबद्दल मात्र थोडं वेगळं मत मांडतो.

उकळल्याने मोनोमर (सुटा रेणू) बिघडतो, असं नाही. पण तुमचा पेपर तपासणारा माणूस हमखास विचारतो, की नैसर्गिक स्थिती तुम्हीच मोडली नाही कशावरून. याला इतिहास आहे. २०११ मध्ये नेचरमध्ये बार्टेल्स, सेल्को वगैरेंचा दावा आला, की रक्तपेशींतून सौम्य पद्धतीने काढलेलं सिन्युक्लिन हेलिकल टेट्रामर असतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटांनी उकळून आणि न उकळता दोन्ही प्रकारे काढून दाखवलं, की ते अव्यवस्थित मोनोमरच आहे. २०१६ मध्ये सस्तन प्राण्यांच्या जिवंत पेशींत थेट एनएमआर करूनही तेच दिसलं. वाद बराचसा निवळला. पण न उकळलेला एक तुलनेचा नमुना हाताशी असला की त्या प्रश्नाचं उत्तर एका आकृतीत देता येतं.

तो नमुना काढणं अवघड नाही. ई. कोलायमध्ये सिन्युक्लिनचा मोठा वाटा पेरिप्लाझममध्ये (पेशीच्या दोन पटलांमधल्या जागेत) जातो, म्हणून ऑस्मोटिक शॉक पुरतो. पेशी ३० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.२, ४०% सुक्रोज, २ मिलिमोलर ईडीटीए यात १० मिनिटं ठेवा, फिरवा, सुक्रोज पूर्ण ओतून टाका. मग खाली बसलेला पेशींचा गोळा बर्फाच्या पाण्यात, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घालून, झटक्यात मोकळा करा. काही मिनिटांनी फिरवलं की वरच्या पाण्यात बऱ्यापैकी शुद्ध प्रोटीन असतं, डीएनए जवळपास नाही. फसतं ते इथे: पेशी एकदा गोठवल्या असतील तर त्या आधीच फुटलेल्या असतात आणि सगळंच बाहेर येतं. ताज्याच पेशी घ्या. उत्पन्न उकळण्यापेक्षा कमी येतं हे धरून चाला.

आणखी एक. मानवी पेशींत या प्रोटीनचं एन-टोक ॲसिटिलेट झालेलं असतं, ई. कोलायमध्ये नसतं. यीस्टचं नॅटबी एन्झाइम असलेलं दुसरं प्लाझ्मिड सोबत घातलं की काम होतं. मासमध्ये ४२ डाल्टनची भर, म्हणजे १४,५०२. १४,४६० चं शिखर शिल्लक असेल तर ॲसिटिलेशन अर्धवट आहे. आणि १६-१६ च्या पायऱ्या दिसल्या तर मेथिओनिन ऑक्सिडाइझ होतंय. सिन्युक्लिनमध्ये मेथिओनिन ४ आहेत. सगळी ऑक्सिडाइझ झाली तर फायब्रिल होणंच मंदावतं, म्हणजे तुमचा ३० तासांच्या पुढचा लॅग कदाचित "चांगल्या" बॅचचा नसून जुन्या बॅचचा असेल!

अवांतर: वेस्टर्न ब्लॉटमध्ये सिन्युक्लिन दिसत नाही म्हणून अँटिबॉडीला दोष देऊ नका. ते पटलावरून धुऊन जातं. ट्रान्सफरनंतर ०.४% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवा, मग ब्लॉकिंग.

---

गारठा

एनएमआरपुरतं लिहितो.

घडी नसलेल्या प्रोटीनचे अमाइड प्रोटॉन उघडे असतात, पाण्याशी सतत अदलाबदल करतात. पीएच एका एककाने वाढला की ही अदलाबदल साधारण दहापट. म्हणून पीएच ७.४ आणि ३७° से. ला एचएसक्यूसी (प्रत्येक अमाइडचं एक शिखर दाखवणारा स्पेक्ट्रम) घेतला तर निम्मी शिखरं गायब, आणि नवखा माणूस म्हणतो, "प्रोटीन ॲग्रिगेट झालं." झालेलं नसतं. १०-१५° से. वर या, पीएच ६.५ घ्या, शिखरं परत येतात. ॲसे ७.४ ला असेल तर दोन्ही पीएचला स्पेक्ट्रम घ्या, म्हणजे तुलना करता येईल.

नमुना: १५० ते ३०० मायक्रोमोलर, २० मिलिमोलर फॉस्फेट, ५० मिलिमोलर मीठ, ५-१०% जड पाणी, ०.०२% अझाइड, संदर्भाला थोडं डीएसएस. मीठ वाढवलं की क्रायोप्रोबची संवेदनशीलता घटते, म्हणून पूर्ण पीबीएस नेऊ नका. लेबलिंगला एम९ माध्यमात नायट्रोजन-१५ अमोनियम क्लोराइड १ ग्रॅम/लिटर पुरतं. कार्बन-१३ ग्लुकोज २ ते ३ ग्रॅम. ते महाग असतं, त्यामुळे आधी साध्या ग्लुकोजवर त्याच पेशी एम९ मध्ये किती वाढतात आणि किती प्रोटीन देतात हे पाहून घ्या. एलबीमध्ये ३७ अंशांना ४ तासांत जे मिळतं ते एम९ मध्ये मिळेलच असं नाही.

काय दिसायला हवं: १४० अमिनो आम्लं, त्यातली ५ प्रोलिन आणि पहिलं मेथिओनिन वजा, म्हणजे १३४ पर्यंत शिखरं, आणि सगळी प्रोटॉनच्या ७.८ ते ८.६ पीपीएमच्या पट्ट्यात दाटीवाटीने. गोलसर प्रोटीनचा स्पेक्ट्रम असा दिसला तर प्रोटीन मेलं म्हणतात. इथे हाच निरोगीपणा. उलट ९ पीपीएमच्या पुढे शिखरं आली तर नमुन्यात दुसरंच काही आहे. नायट्रोजनच्या १२५-१३० पीपीएमच्या बाजूला जादा, बारीक पण धारदार शिखरं दिसली तर ती बहुधा तुटलेल्या तुकड्यांची नवी टोकं असतात, धुंडिराज म्हणतात त्या शेपूट गेल्याच्या प्रकाराची. पहिल्या शंभरांची शिखरं फिकी आणि शेपटाची ठसठशीत, असं चित्र असेल तर प्रोटीन मेदाला किंवा मोठ्या ॲग्रिगेटला चिकटलेलं आहे.

प्रोलिन हवी असतील आणि पीएच ७.४ सोडायचाच नसेल तर कार्बनवर नोंद घेणारा कॉन प्रयोग मागा. त्यात अमाइड प्रोटॉन लागत नाही. पण त्याला कार्बनसाठी जुळवलेला प्रोब हवा, सगळीकडे नसतो. आधी ऑपरेटरला विचारा. मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हाय-फील्ड एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे, बाहेरच्यांनाही अर्ज करता येतो. गर्दी असते, तेव्हा स्लॉटच्या आदल्या आठवड्यातच नमुना सीडी आणि मासमधून तपासून ठेवा.

सीडीला एकच सूचना: पीबीएस नको. क्लोराइड २०० नॅनोमीटरच्या खाली शोषतं आणि तुम्हाला हवं असलेलं ऋण शिखर नेमकं १९८-२०० लाच आहे. १० मिलिमोलर फॉस्फेट, मीठ लागलंच तर सोडियम फ्लोराइड, १ मिमी क्युव्हेटमध्ये ०.१-०.२ मिग्रॅ/मिली.

---

पेलेट

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लाझ्मिडचा क्रम काढून पाहिला, १३६ ला टीएसीच आहे. डीटीटी घातल्यावर तो बँडही जातो. प्रायमर मागवते.

आता प्लेटबद्दल कोणी सांगेल का? काचेचा मणी घालावा की नाही यावर प्रयोगशाळेत दोन तट आहेत. आणि शुद्ध मोनोमर साठवायचा कसा? दर वेळी कॉलम चालवणं परवडत नाही.

---

प्लेटवाली

साठवण आधी, कारण त्यातच बऱ्याच जणांचं बिंग फुटतं. पीबीएसमध्ये गोठवताय का? सोडियम फॉस्फेट हळूहळू गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं, आणि उरलेल्या द्रवाचा पीएच चार-पाचपर्यंत खाली येऊ शकतो. आम्लधर्मी पीएचला सिन्युक्लिन गोळा होतं. म्हणजे फ्रीजरमध्येच बी पेरलं जातं. ट्रिस किंवा हेपेसमध्ये ठेवा, ५०-१०० मायक्रोलिटरच्या नळ्या द्रव नायट्रोजनमध्ये झटक्यात गोठवा, -८० ला ठेवा, एकदा वितळवलं की परत गोठवू नका. वितळवल्यावर १०० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून तरी काढा, मोनोमर खाली उतरतो, मोठे ऑलिगोमर वर राहतात. फिल्टर आधी बफरने धुवा आणि नंतर काँसंट्रेशन पुन्हा मोजा, थोडं प्रोटीन पटलाला चिकटतंच. घट्ट करायला मात्र ३ किलोडाल्टनचा फिल्टर घ्या. १० च्या फिल्टरमधून लांबट साखळी थोडी निसटू शकते. फ्लो-थ्रू जेलवर पाहिल्याशिवाय ओतू नका.

मण्याचं: दोन्ही तट आपापल्या प्रश्नापुरते बरोबर. पीएच ७.४ ला, न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये, न हलवता, शुद्ध मोनोमर दिवसेंदिवस तसाच राहतो. आपण ज्याला लॅग म्हणतो तो बहुतेक वेळा हवा-पाण्याचा पृष्ठभाग, प्लास्टिक, बुडबुडे आणि हलवण्याचा जोर यांचा लॅग असतो. मणी घातला की तो गोंधळ निदान सर्व वेलमध्ये सारखा होतो, शिवाय मणी फायब्रिल मोडून नवी टोकं तयार करतो. तुलनेपुरतं ठीक. त्यातून न्यूक्लिएशनचा वेग काढायला जाऊ नका.

मांडणी अशी: ९६ वेलची हाफ-एरिया, काळी, पारदर्शक तळाची, न चिकटणाऱ्या लेपाची प्लेट. वेलला १०० मायक्रोलिटर, २-३ मिमीचा एकच काचेचा मणी. टीएचटी २० मायक्रोमोलर. त्याचं स्टॉक ०.२ मायक्रॉनमधून गाळा आणि ४१२ नॅनोमीटरला मोलर शोषणांक ३६,००० धरून मोजा, वजनावर जाऊ नका. अझाइड ०.०२%, नाहीतर बुरशी-जिवाणूंचा वक्र मिळतो. कडेच्या सगळ्या वेलमध्ये पाणी भरा, तिथे बाष्पीभवन जास्त होतं. वर सील, ३७° से., ऑर्बिटल हलवणं, वाचन तळातून, एक्सायटेशन ४४०, एमिशन ४८०. पिपेट करताना शेवटचा ठोका दाबू नका, बुडबुडा आला की त्या वेलचा लॅग वेगळाच. एका स्थितीला किमान पाच-सहा वेल.

औषधाचा परिणाम, म्युटंट, पीएच असं काही मोजायचं असेल तर बी घालून वाढीचा वेग मोजा: तयार फायब्रिल सोनिकेट करून मोनोमरच्या ५% इतके घाला, प्लेट हलवू नका, मणी नको. सुरुवातीचा उतार म्हणजे वाढीचा वेग. बियांचं प्रमाण दुप्पट केलं की उतार दुप्पट व्हायला हवा, हीच तुमची तपासणी. पीएच ६ च्या खाली मात्र चित्र पालटतं, फायब्रिलच्या अंगावरच नवी बीजं धरायला लागतात, वक्र एकदम खडा होतो. आम्लधर्मी आणि तटस्थ पीएचचे वक्र एकाच सूत्रात बसवू नका.

पठाराची उंची म्हणजे फायब्रिल किती, असं मुळीच नाही. फायब्रिलचा प्रकार बदलला की टीएचटीची चमक बदलते. शेवटी १,००,००० जी वर तासभर फिरवून वरच्या द्रवात मोनोमर किती उरला तो जेलवर मोजा.

आणि आपल्याकडे हमखास होणारा प्रकार: हळदीतलं कर्क्युमिन घालायचं, टीएचटी पडला की "ॲग्रिगेशन थांबलं" जाहीर करायचं. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच शोषतं, म्हणजे टीएचटीचा प्रकाश तेच खातं. रंगीत रेणू असेल तर सेडिमेंटेशन आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीशिवाय निष्कर्ष काढू नये.

---

अटकेपार

करिअरबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

हा विषय तुलनेने नवा. पीटर राइट आणि जेन डायसन यांचा "रचना म्हणजेच कार्य" या समजुतीला धक्का देणारा लेख १९९९ चा. त्याआधी घडी न दिसणारा नमुना म्हणजे फसलेला नमुना समजला जायचा. डंकर, उव्हर्स्की, टोम्पा यांनी संगणकावर दाखवलं, की असे भाग अपवाद नाहीत, मानवी प्रथिनांत ते ढिगाने आहेत. आता अल्फाफोल्डच्या (रचनेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम) चित्रात ५० च्या खाली पीएलडीडीटी (अंदाजाच्या खात्रीचा आकडा) असलेल्या नारिंगी शेवया सगळ्यांनाच दिसतात. त्या शेवयांचा तो एक आकार खरा मानून त्यावर डॉकिंग करणारे (संगणकावर औषधाचा रेणू बसवून पाहणारे) पेपर अजूनही येतात. ते तेवढं करू नका.

पोस्टडॉक शोधताना प्रोटीन बघू नका, तंत्र बघा. सिन्युक्लिन येतं म्हणून कोणी घेत नाही; एनएमआर रिलॅक्सेशन, सिंगल-मॉलिक्यूल फ्रेट (एकेका रेणूतलं अंतर मोजणं), सॅक्स (क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून पसारा मोजणं) किंवा कायनेटिक्स यातलं एक खोलवर येतं म्हणून घेतात. कोपनहेगनला क्रागेलुंड आणि लिंडॉर्फ-लार्सन, झुरिकला शूलर, ग्रेनोबलला ब्लॅकलेज, टोरांटोला फोरमन-के, सेंट लुइसला पप्पू, मेम्फिसला क्रिवाकी. प्रत्येकाची हत्यारं वेगळी आहेत. त्यांचे पेपर पद्धतीच्या विभागापासून वाचा. आपल्याकडे आयआयटी मुंबईत समीर माजी यांचा गट आहे. सिन्युक्लिनचे थेंब होऊन ते पुढे घट्ट होतात, हा २०२० चा नेचर केमिस्ट्रीतला पेपर तिथलाच. मोहालीच्या आयसरमध्ये सम्राट मुखोपाध्याय.

एक संगणकाचं कौशल्य हवंच. मोठं क्लस्टर नसलं तरी चालतं: एका अमिनो आम्लाला एक मणी धरणारं कॅलव्हाडोस हे मॉडेल फुकटच्या नोटबुकमध्ये चालतं आणि त्यातून साखळीचा सरासरी पसारा काढून तुमच्या सॅक्सशी ताडता येतो. ऑल-ॲटम करायचं तर पाण्याचं मॉडेल आणि फोर्स फील्ड आयडीपीसाठी जुळवलेलं घ्या, ए९९एसबी-डिस्प किंवा चार्म३६एम. जुन्या फोर्स फील्डमध्ये टिप३पी पाण्यासोबत साखळी उगाच आकसते. सॅक्सच्या बाबतीत गिनिए रेघेची (क्यू गुणिले त्रिज्या) मर्यादा गोलसर प्रोटीनांना १.३ असते, आयडीपीला ती १ च्या आसपासच ठेवा, नाहीतर त्रिज्या कमी येते.

थेंबांच्या मागे लागणार असाल तर सांभाळून. १०% पीईजी-८००० घातलं तर बरीच प्रोटीनं थेंब करतात. पेपरमध्ये मीठ, पीएच आणि काँसंट्रेशन बदलून फेज डायग्राम द्या, नुसता गढूळपणाचा आलेख कोणी मानत नाही.

पैशाचं: जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) ३७,००० आणि एसआरएफ (नंतरची) ४२,००० रुपये महिना झाली, घरभाडं वेगळं. पाच वर्षांच्या मर्यादेत दोन पेपर बसवायचे असतील तर सिन्युक्लिनमधला अगदी बारीक प्रश्न निवडा, उदाहरणार्थ ॲसिटिलेटेड प्रोटीन आणि मेदाचं एकच ठरलेलं गुणोत्तर. शिकायला हे प्रोटीन उत्तम, नाव कमवायला गर्दीचं. रिकामी जागा हवी असेल तर वनस्पतींची डिहायड्रिनं बघा. कोरड ज्यात सोसावी लागते त्या पिकांत ती असतात, तीही उकळली तरी विरघळलेलीच राहतात, म्हणजे तुमचं आत्ताचं सगळं कौशल्य तसंच्या तसं चालेल.

---

धुंडिराज

डिहायड्रिनच्या सूचनेला +१.

पेलेट, एक राहिलं. बिया सोनिकेट करताना उघड्या नळीत प्रोब घालू नका, फायब्रिलचे तुषार उडतात. बंद नळी आणि कप-हॉर्न वापरा. वापरलेल्या प्लेट, मणी, रोटर सगळं १% एसडीएसमध्ये तासभर ठेवून मग धुवा. नुसत्या ऑटोक्लेव्हवर किंवा अल्कोहोलवर विसंबू नका. फायब्रिलचं काम आणि मोनोमरचं शुद्धीकरण एकाच टेबलावर, एकाच पिपेटने चालत असेल तर आधी ते वेगळं करा. त्यानंतर नव्या प्लाझ्मिडचं प्रोटीन आणि आत्ताचं ग्वानिडीनमधून काढलेलं, दोन्ही एकाच प्लेटवर शेजारी लावा आणि वक्र इथे टाका.